कॉवेल्सला जा, पण ओहोटीला

चि. बाबू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या सर्फिंगचा व्हिडिओ पोचला. मी चार वेळा पाहिला, बाबांनी दोनदा. ते म्हणाले, "अगं, उभा राहिला की!" मी म्हटलं, "राहिला, पण बघतोय कुठे? स्वतःच्या पायांकडे." असो. लाट हिरवी होती, फुटायच्या आधी पकडलीस, कुणी मागून ढकललं नाही. माझा जीव सुपाएवढा झाला.

पण व्हिडिओखाली तू जे विचारलंयस, "आता स्टीमर लेनला जाऊ का?", त्याने तो पुन्हा सुपारीएवढा झाला. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस आणि करायचं तेच करतोस. कागदावरचं निदान दोनदा वाचशील.

लेनला, सांताक्रूझच्या त्या दांडग्या लाटांच्या जागी, जाऊ नकोस. अजून दोन वर्षं तरी नको.

राग आला असेल तर पुढचं उद्या वाच.

तू नक्की कुठे आहेस ते आधी बघू. पॅडल करून बाहेर जाता येतं. दहातल्या चार-पाच लाटा मिळतात. उभं राहता येतं, कधीकधी लाटेच्या अंगाने तिरकंही जाता येतं. पण समोर अचानक माणूस आला तर? साडेनऊ फुटांची ती फळी तुला वळवता येते का, थांबवता येते का? नाही ना. मग तू अजून शिकाऊच, फक्त जरा पुढच्या बाकावरचा. याच टप्प्यावर माणूस सगळ्यात जास्त आपटतो, कारण अगदी नवख्याला भीती असते आणि तुला ती राहिलेली नाही. मला कसं ठाऊक ते खाली सांगते.

मी कुठे शिकले ते आठवतं? तू आठवीत होतास, गाडीत बसून गृहपाठ करायचास आणि मी डोहेनीच्या किनाऱ्याला पाण्यात. वय वर्षं त्रेचाळीस. वेंगुर्ल्यात जन्म, घरापासून समुद्र दोनशे पावलांवर, आणि पोहायला शिकले अडतिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या तलावात, सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत. आमच्याकडे समुद्र बायकांनी लांबून बघायचा असायचा, मासळी आली की खाली उतरायचं. डोहेनी मला जमलं कारण तिथे लाटेत दमच नाही. शेजारचं डेना पॉइंटचं बंदर बांधलं १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि 'किलर डेना' नावाची एक जबरदस्त लाट त्या बांधाखाली कायमची गेली. जुने लोक अजून हळहळतात. मी त्याच बांधाच्या आडोशाला गुडघ्याएवढ्या लाटांवर उभी राहायला शिकले, त्यामुळे मला हळहळ करायचा हक्क नाही.

तिथून मग सॅन ओनोफ्रेच्या किनाऱ्याला, तिथल्या ओल्ड मॅन्स नावाच्या जागी. दर रविवारी पहाटे त्या मातीच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत थर्मासमधला चहा पिणं, आणि आता बंद पडलेल्या अणुवीज केंद्राचे ते दोन घुमट. तिथे लाट लांबवर फुटते आणि म्हातारीसारखी सावकाश किनाऱ्याकडे येते. तळ गोट्यांचा, उतार अगदी मंद. शिवाय लाटा एकाच जागी फुटत नाहीत, पॉइंटपासून डॉगपॅचपर्यंत पसरलेल्या, म्हणून माणसंही पसरतात.

आता ती गोष्ट. तिसऱ्या वर्षी मला वाटलं, आपल्याला येतं. घराजवळच्या एका बीचवर गेले, कारण दहा मिनिटांत पोचता येत होतं आणि लाटा कमरेएवढ्याच दिसत होत्या. कमरेएवढ्या होत्याही. पण तिथली वाळू किनाऱ्यापाशी एकदम खोल उतरते. लाट येते, अडखळते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वेळी धाडकन मिटते. बोर्डाचं नाक खाली गेलं, मी पुढे उडाले आणि माझ्याच बोर्डाची फिन, बोर्डाखालचं ते पातं, मांडीत घुसली. सात टाके. तुला आणि बाबांना मी खडक लागल्याचं सांगितलं होतं. खडक नव्हता, झिला. माझा शहाणपणा होता.

त्या सात टाक्यांनी मला एक गोष्ट शिकवली: लाटेची उंची बघून जागा निवडू नये, तळ बघून निवडावी. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट झाली की लाट फुटते. तळ हळूहळू वर येत असेल तर ती वरून थोडी थोडी सांडत येते, उतू जाणाऱ्या दुधासारखी. तळ एकदम वर आला तर घागर पालथी केल्यासारखी आपटते. दोन्ही तीन फुटांच्याच. लाँगबोर्डला सांडणारी हवी. आपटणाऱ्या लाटेत एवढी लांब फळी नाकावर जाते, आणि छोट्या बोर्डासारखी पाण्याखाली दाबून लाटेखालून निसटायची सोयही नाही.

म्हणून तुझ्यासाठी कॉवेल्स. आणि गंमत बघ, ती लेनपासून काही लांब नाही. वायव्येकडून आलेला हिवाळी स्वेल, म्हणजे लांबून आलेल्या लाटांचा लोंढा, लाइटहाउस पॉइंटला वळसा घालून आत शिरतो. पॉइंट, स्लॉट, मिडल पीक या लेनच्या जागांवर तो आपला राग काढतो, मग इंडिकेटर्स, आणि सगळ्यात शेवटी वार्फच्या, म्हणजे धक्क्याच्या, बाजूला कॉवेल्स. तीच लाट, दमून आलेली. तू लेनच्याच लाटेवर बसणार आहेस, फक्त उष्ट्या.

पण कॉवेल्स चालते ती ओहोटीला. भरती भरली की तिथली लाट फुटायचं विसरते, नुसती फुगते आणि तुझ्या खालून निघून जाते. मागच्या वर्षी मी तुझ्याकडे आले होते तेव्हा तू मला सकाळी अकराला नेलंस आणि आपण दीड तास पाण्यात बसून वार्फखालच्या सी लायनचं भुंकणं ऐकलं, ते आठव. तेव्हा मी काही बोलले नाही. ती भरतीची वेळ होती, बाबू.

तुझ्या पणजोबांना तिथी विचारली की ते भरतीची वेळ सांगायचे, घड्याळ न बघता. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे कमी चढउताराची भरती, हे तिथेही तसंच आहे, चंद्र एकच. पण कॅलिफोर्नियात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, दोन ओहोट्याही नसतात. एक ओहोटी खरी आणि एक नावापुरती. कोष्टकात नुसती वेळ बघू नकोस, आकडाही बघ. हिवाळ्यात सगळ्यात मोठी ओहोटी दुपारी येते, उन्हाळ्यात पहाटे. म्हणजे डिसेंबरच्या शनिवारी जेवून आरामात जाता येईल, जूनमध्ये मात्र गजर लावावा लागेल. तुझ्या बाबतीत जून कठीणच आहे.

दुसरा आकडा सेकंदांचा, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ. अंदाजात '३ फूट' वाचून उड्या मारू नकोस. ३ फूट ८ सेकंद आणि ३ फूट १५ सेकंद यांत शेळी आणि रेडा एवढा फरक असतो. ८ सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याने उठवलेली, साधारण ५० मीटर खोलीला तिला तळ लागायला सुरुवात होते. १५ सेकंदांची फार लांबून आलेली असते आणि तिला पावणेदोनशे मीटरवरच तळ जाणवू लागतो. म्हणूनच ती पॉइंटला एवढा वळसा घालू शकते, आणि किनाऱ्याशी आल्यावर उंचही होते. त्यातली मेख अशी की लाटा झुंडीने येतात, त्याला सेट म्हणतात, आणि दोन सेटच्या मधे दहा-पंधरा मिनिटं समुद्र तळ्यासारखा पडून राहतो. तू कड्यावरून बघणार, म्हणणार "काहीच नाहीये", आत जाणार, आणि मग क्षितिजावर एक काळी रेघ दिसणार.

तर पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास वेस्ट क्लिफच्या कठड्यापाशी उभा राहा. पूर्ण अर्धा तास, मोबाइल खिशात ठेवून. पणजोबांची रापण होती, किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं. होडी ढकलायच्या आधी ते वाळूवर उकिडवे बसून विडी ओढायचे, आणि तेवढ्यात पोरंसोरं दोरखंड हातात घेऊन ताटकळायची. कुणी घाई केली तर एकच शब्द: "बघूक दी." विडी संपेपर्यंत लाटा कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत, सगळं डोक्यात. तू विडी ओढू नकोस. पण बघ: सगळ्यात मोठा सेट कुठे फुटतो, आत जाणारे कुठल्या बाजूने न भिजता जातात, बाहेर येताना कुठे येतात, आणि पडलेल्या माणसाचं काय होतं. शेवटचं महत्त्वाचं. पडलेला माणूस हसत वर येत असेल तर ती तुझी जागा.

सांताक्रूझमध्ये तुझी एक पंचाईत आहे. तू गूफी, उजवा पाय पुढे, आणि तिथल्या बहुतेक लाटा उजवीकडे जाणाऱ्या. म्हणजे लाटेकडे तुझी पाठ. सॅन ओनोफ्रेला दोन्हीकडच्या मिळतात म्हणून तुला कळलं नाही. आता मान वळवून खांद्यावरून बघायला शिकावं लागेल, नव्या सुनेसारखं. पण हे शिकायचं तर कॉवेल्सवरच. लाट इतकी सावकाश आणि लांब चालते की तुला चुकायला, सावरायला आणि पुन्हा चुकायला वेळ मिळतो.

गर्दीचं मात्र खोटं सांगणार नाही. शनिवारी तिथे दादरचा पूल असतो, आणि निम्म्या लोकांना आपली फळी आवरत नाही. तू त्यांतलाच एक आहेस हे धरून चाल. लाट ज्याच्या सर्वात जवळ फुटते ती त्याची, मग तो दहा वर्षांचा असो की ऐंशीचा. घाबरून बोर्ड सोडून द्यायचा नाही, तुझ्या मागे कुणीतरी असतंच. आणि पडलास की वर येताना दोन्ही हात डोक्यावर. पायाला बोर्ड बांधणारी ती दोरी, लीश, बोर्ड वाचवते, तुला नाही. वेटसूटवाले जॅक ओनील तिथलेच. त्यांच्या मुलाने लीश आणली तेव्हा ती रबरी नळीची होती, ताणली की बोर्ड गोफणीसारखा परत यायचा. १९७१ मध्ये तसाच परत आला आणि जॅक यांचा डावा डोळा गेला. त्यांचा काळ्या पट्टीचा फोटो तू टी-शर्टांवर पाहिला असशील. फॅशन नव्हती ती.

पाऊस पडला की तीन दिवस पाण्यात पाय नाही. गटारांचं सगळं पाणी समुद्रात येतं. कॉवेल्सचं नाव तर 'हील द बे' या संस्थेच्या सगळ्यात घाण किनाऱ्यांच्या यादीत कितीदा येऊन गेलंय, वार्फवरच्या पक्ष्यांची कृपा. जाण्याआधी परगण्याचा पाणी-तपासणीचा अहवाल बघत जा. कानाचं दुखणं काढलंस तर मी येणार नाही सांगायला.

आणि कॉवेल्सला जायचं म्हणजे कमीपणा, असं मनात असेल तर ते काढ. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी १८८५ साली हवाईच्या तीन राजपुत्रांनी रेडवूडच्या फळ्यांवर लाटा घेतल्या. सॅन मटेओच्या शाळेत शिकणारी वसतिगृहातली पोरं ती, सुट्टीत आलेली. राजपुत्रांनाही आधी सोयीची लाट कुठे आहे ते बघावंच लागलं असणार.

दहापैकी आठ लाटा मिळायला लागल्या, आणि त्यांतल्या पाचांवर तुला पाहिजे तिथे बाहेर पडता आलं, की मग ३८व्या अव्हेन्यूचा जिना. जॅक ओनीलचं घर तिथेच कड्यावर होतं म्हणून त्या लाटेला जॅक्स म्हणतात. ती कॉवेल्सपेक्षा जरा चपळ, पण लाँगबोर्डला मानवते, आणि तिथलं केल्पचं, म्हणजे लांबलचक समुद्री शेवाळाचं, रान वाऱ्याने उठणारी किरकिर दाबून टाकतं. फक्त फिनमध्ये केल्प अडकून घोडा अडावा तसा बोर्ड अडतो, तेव्हा शिव्या हळू दे. सॅन फ्रान्सिस्कोला मित्रांकडे जाशील तेव्हा ओशन बीचकडे फिरकू नकोस, ती जागा मलाही नको. पसिफिकाच्या लिंडा मारपर्यंत खाली ये, आणि तिथेही दक्षिणेच्या टोकाला, जिथे डोंगराचा आडोसा आहे.

थँक्सगिव्हिंगला आम्ही वर येतोय. गाडीवर माझा बोर्ड असेल, मागच्या सीटवर चकल्या. गुरुवारी तुझे बाबा टर्की जाळतील, शुक्रवारी आपण दोघं. ओहोटी किती वाजता आणि किती फुटांची आहे ते तू बघून मला कळव. मी मुद्दाम बघणार नाही.

तुझी,
आई

ता. क. — इथून नेलेलं वॅक्स बोर्डावरून खरवडून काढ. ते गरम पाण्याचं आहे, तुमच्या तेरा अंशांच्या पाण्यात दगड होतं. पाय घसरतो म्हणून तू व्हिडिओत खाली बघत होतास, हे मला पाचव्यांदा पाहिल्यावर कळलं.