जगज्जेत्या पोरांना एक तरी कुस्ती लागू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर मिरवणुकीचा फोटो होता. उघडी जीप, गुलालात न्हालेला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, गळ्यात परदेशातून आणलेलं पदक, मागे हलगीवाले. खाली बारीक अक्षरात शेवटची ओळ होती की या पैलवानाने आता महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. फोटो बघून आनंद झालाच, पण त्या शेवटच्या ओळीने पोटात गोळा आला. कारण अशाच एका पोराचा स्पर्धेचा अर्ज मी माझ्या हाताने भरलेला आहे.

मी एका महाविद्यालयात बत्तीस वर्षं शारीरिक शिक्षण संचालक होतो. पोरं 'जिमखान्याचे सर' म्हणत. वर्ष सांगत नाही, नाहीतर पोरगा ओळखू येईल. आशियाई कुमार स्पर्धेत पदक मिळवून तो आमच्याकडे आला. प्राचार्यांनी शाल दिली, गेटवर फ्लेक्स लागला. पुढे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. सकाळी आठला वजनं झाली, चिठ्ठ्या निघाल्या. पहिल्या फेरीत याला पुढे चाल. दुसऱ्या फेरीत समोरच्या कॉलेजचा पैलवान मॅटवर आलाच नाही. पंचांनी तीनदा पुकारा केला आणि याचा हात वर केला. उपांत्य फेरीतही तेच. फायनलला समोरचा पोरगा आला, हात मिळवला आणि गुडघा धरून खाली उतरला. सुवर्णपदक! मी लगेच बाहेर जाऊन प्राचार्यांना फोन केला. परत आलो तर हा कोपऱ्यात बसून कॉश्च्यूमची घडी घालत होता. अंगावर घाम होता तो फक्त वॉर्मअपचा. मला म्हणाला, "सर, एक तरी कुस्ती लागंल असं वाटलं हुतं."

मी हसलो. "बिनकुस्तीचं गोल्ड मिळालं, आणखी काय पाहिजे?" असं काहीतरी बोललो असेन. त्याच्या वाक्याचा अर्थ मला निवृत्तीनंतर, पार अमेरिकेतल्या आयोवात जाऊन कळला.

माझी मुलगी तिथे कोरलव्हिलला असते. हिवाळ्यात गेलो होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, दिवसभर खिडकीत बसून कंटाळलो. जावयांनी तिकिटं काढली आणि शेजारच्या आयोवा सिटीत विद्यापीठाची कुस्ती बघायला घेऊन गेले. बाहेर डॅन गेबल या जुन्या नामांकित पैलवानाचा पुतळा आहे. कार्व्हर-हॉकाय नावाचं ते सभागृह जमिनीत खोल बांधलेलं आहे. आपण वरून आत शिरतो आणि पायऱ्या उतरत खाली जातो, आपल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानासारखं. तिथे दोन कॉलेजांचा सामना, दहा वजनी गटांत दहा कुस्त्या, आणि त्यासाठी हजारोंची गर्दी. त्यात म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया. इनाम नाही, फेटा नाही, नारळही नाही.

पाहुण्या संघात पहिल्या वर्षाचा एक पोरगा होता. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा म्हणाले, "याच्याकडे ज्युनियर जागतिक स्पर्धेचं पदक आहे, आता बघा गंमत." (एवढं इंग्रजी मला येतं.) पोरगा खरंच विजेसारखा होता. पहिल्या तीन मिनिटांत असा दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरून समोरच्याला पाडलं, की मी 'वाहवा' म्हणून गेलो. त्याच कुस्तीच्या दुसऱ्या भागात मात्र त्याला खाली बसावं लागलं. दोन्ही तळवे आणि गुडघे टेकलेले, वर पाठीमागून दुसरा, एक हात पोटाला वेढा घालून, दुसरा कोपरावर. शिट्टी वाजली आणि जगातलं पदक मिळवलेला हा पोरगा सवयीने पोटावर सपाट झाला.

ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीत ते चालून जातं. थोडा वेळ पाठ वाचवली की पंच दोघांना उठवून उभ्या कुस्तीला लावतात. इथे तसं नाही. अमेरिकेच्या कॉलेजातली कुस्ती म्हणजे फ्रीस्टाइल नव्हे, ती त्यांची देशी कुस्ती आहे, फोकस्टाइल. खालच्याने स्वतःच्या ताकदीवर उठून सुटायचं, सुटला तर एक गुण. वरच्याने त्याला दाबून ठेवायचं. कोण किती वेळ वर होता याचं वेगळं घड्याळ फलकावर चालू असतं, आणि कुस्ती संपताना ज्याच्या नावावर एक मिनिट किंवा जास्तीची आघाडी असेल त्याला आणखी एक गुण. समोरच्याची पाठ नुसती मॅटकडे फिरवून इथे काही मिळत नाही, कब्जा घेऊन धरावं लागतं. तीन, दोन, दोन अशा तीन भागांत मिळून सात मिनिटं.

तर त्या वरच्या पोराने पायात पाय घातला, आपण सवारी भरतो तसा, घोटा दाबला आणि बसला. घड्याळ पळतंय. चाळीस सेकंद, पन्नास, एक मिनिट. खालच्याला काय करावं ते सुचेना. पंचांनी उलट त्यालाच टाळाटाळीची ताकीद दिली. माझा हात पुढच्या खुर्चीवर घट्ट आवळला गेला होता. "अरे हात धर त्याचा, कंबर पुढं टाक, ऊठ!" हे मी मराठीत ओरडलो, ते आजोबा माझ्याकडे बघायला लागल्यावर लक्षात आलं. शेवटी एका गुणाने हरला तो, आणि तो गुण त्या घड्याळाचा होता. ज्याने हरवलं त्याच्या नावावर परदेशातलं काहीच नव्हतं, असं आजोबांनी खुशीत सांगितलं.

गंमत अशी की हा खेळ आमच्या मातीतल्या जुन्या वस्तादांना लगेच उमगला असता. मातीत चीत केल्याशिवाय निकाल नसायचा. म्हणून घुटना ठेवून, सवारी भरून वरच्याने पिळायचं आणि खालच्याने दम राखून निसटायचं, हे आपल्याकडे होतंच. मॅटवर आल्यापासून पोरांचं ते सुटत चाललंय. असो, मातीविरुद्ध गादी हा वाद मला इथे काढायचा नाही.

त्या आजोबांनी मला काइल स्नायडरचं उदाहरण दिलं. हा २०१३ मध्ये सोफियाला ज्युनियर जगज्जेता झाला, मग ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. २०१५ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या फायनलला आयोवा स्टेटच्या कायव्हन गॅडसनने त्याला चक्क चीत केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात, लास व्हेगासला, हाच स्नायडर एकोणीसाव्या वर्षी मोठ्यांच्या गटात जगज्जेता झाला. (आपल्या नरसिंग यादवने कांस्य मिळवलं ती हीच स्पर्धा.) पुढच्या वर्षी रिओत ऑलिंपिक सुवर्ण. आता आपल्याकडे असता तर तो पुन्हा कॉलेजच्या मॅटवर दिसला असता का? स्नायडर परत गेला. २०१८ च्या फेब्रुवारीत मिशिगनच्या अ‍ॅडम कून या वजनाने बऱ्याच भारी पोराने ऑलिंपिक विजेत्याला दोन कॉलेजांच्या साध्या सामन्यात हरवलं. महिन्याभराने फायनलला तेच दोघे समोरासमोर आले आणि स्नायडरने ३-२ ने परतफेड केली. कूनच्या प्रशिक्षकाने त्याला गुडघा धरून खाली उतरायला सांगितलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि बाहेर ज्याचा पुतळा आहे तो गेबल? १९७० मध्ये कॉलेजातल्या शेवटच्या कुस्तीत लॅरी ओविंग्जकडून हरला. शाळा-कॉलेज धरून तेवढी एकच हार. दोन वर्षांनी म्युनिकला एकही गुण न देता ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. आयोवा विद्यापीठाचा स्पेन्सर ली तीन वेळा वयोगटातला जगज्जेता होऊन कॉलेजात आला, तीन वेळा कॉलेजचा राष्ट्रीय विजेता झाला, आणि २०२३ मध्ये उपांत्य फेरीत एक सेकंद उरला असताना चीत झाला. पुढच्या वर्षी पॅरिसला ५७ किलोत रौप्य. याच गटात आपल्या अमन सेहरावतने कांस्य घेतलं. अमनने ज्याला १३-५ ने हरवलं तो पोर्तो रिकोचा डॅरियन क्रूझही अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचा, २०१७ चा कॉलेज विजेता.

म्हणजे आपली पोरं त्यांच्या कॉलेजच्या पोरांना हरवू शकत नाहीत, असं अजिबात नाही. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं ते विस्कॉन्सिन विद्यापीठातून आलेल्या टायलर ग्राफला लोळवून. पण दुसरी बाजूही बघा. दीपक पुनिया २०१९ चा ज्युनियर जगज्जेता. टोकियो ऑलिंपिकला उपांत्य फेरीत तो डेव्हिड टेलरकडून १०-० ने हरला, आणि कांस्यपदकाच्या कुस्तीत पुढे असताना शेवटच्या काही सेकंदांत माइल्स अमीनने ते ओढून नेलं. टेलर पेन स्टेटचा. अमीन खेळला सान मरीनोकडून, पण घडला मिशिगन विद्यापीठात. शेवटचे दहा सेकंद कसे काढायचे हे शंभर चुरशीच्या कुस्त्यांत शिकायचं असतं, आणि त्या कुस्त्या या पोरांना दर हिवाळ्यात, दर आठवड्याला मिळतात. मार्चनंतर फ्रीस्टाइल सुरू. आमचा पैलवान कॉलेजकडून अख्ख्या वर्षात किती कुस्त्या खेळला? मी माझं जुनं रजिस्टर काढून बघितलं. माझ्या त्या पदकवाल्या पोराच्या नावापुढे पहिल्या वर्षी एक दिवस आणि शून्य कुस्त्या आहेत.

तिथलं सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. १९९७ मध्ये वजन उतरवण्याच्या नादात तीन कॉलेज पैलवान काही आठवड्यांत दगावले, तेव्हा कुठे त्यांनी वजनाचे नियम बदलले. पैसाही तिथे आता वाहतो. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. आमच्या पोराला कॉलेज काय देतं, एक ट्रॅकसूट आणि एस.टी.चं भाडं. यात्रेच्या मैदानात एक जोड झाली तर महिन्याचा खुराक सुटतो. मग त्याने कॉलेजसाठी अंग का मोडून घ्यावं, हा वस्तादांचा सवाल मला मान्य आहे.

पण वॉकओव्हरचं काय? त्यात पैशाचा संबंध नाही, तो आम्हा सरांचा हिशेब आहे. समोर पदकवाला आला की दुसरा क्रमांक तसाही ठरलेला, त्याचे गुण संघाला मिळणार, मग आपलं पोरगं कशाला चेपून घ्यायचं? प्रमाणपत्र मिळालं म्हणजे झालं. पुढे नोकरीसाठी तेच दाखवायचं असतं आणि प्रमाणपत्रावर किती कुस्त्या खेळलात हे कुणी विचारत नाही. मी हे दोनदा केलं आहे. माझ्या दोन पोरांना मी मॅटवर जाऊ दिलं नाही. त्यातल्या एकाने नंतर मला विचारलंही होतं, "सर, हरलो असतो, पण त्याचा हात तरी कळला असता की."

आणि हे त्या मातीत, जिथून खाशाबा निघाले. खाशाबा जाधव हे कॉलेजचेच पैलवान. राजाराम कॉलेजच्या वार्षिक खेळात क्रीडाशिक्षकाने त्यांची चण बघून नावच घेतलं नव्हतं (आमच्याच पेशातला माणूस!), खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले आणि उतरले. १९४८ ला लंडनमध्ये मॅट अनोळखी, नियम अनोळखी, तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले असं सांगतात. तिथून कांस्यपदक. कॉलेजने तेव्हा त्यांना अंग लावायला जागा दिली होती. आज आम्ही फ्लेक्स देतो.

माझी विद्यापीठांकडे मागणी फार मोठी नाही. एका दिवसात उरकायची स्पर्धा ठेवा हवी तर, पण त्याआधी दोन-तीन महिने कॉलेज विरुद्ध कॉलेज सामने लावा. दर शुक्रवारी संध्याकाळी, सगळे वजनी गट, जवळच्या जवळ. कराडचा संघ इस्लामपूरला, इस्लामपूरचा सांगलीला. खर्च एका सुमो गाडीच्या डिझेलचा. डॉक्टरच्या सहीशिवाय माघार घेतली तर दुसऱ्या क्रमांकाचे गुण देऊ नका. प्रमाणपत्रावर खेळलेल्या कुस्त्यांचा आकडा छापा. मुलींचे सामनेही त्याच मॅटवर, त्याच संध्याकाळी. तिकडे कॉलेजच्या मुली फ्रीस्टाइलच खेळतात, त्यामुळे परदेशातून आल्यावर त्यांना नियम बदलावे लागत नाहीत. आपल्याकडे तर मुलामुलींना कुणालाच बदलावे लागत नाहीत. मग अडतं कुठे?

आणि एक मागणी आपल्याकडेही. फोटोतला तो पोरगा आता कॉलेजात आहे. त्याची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येईल तेव्हा बक्षीस समारंभाला नको, सकाळी आठला वजनकाट्याजवळ आपला वार्ताहर पाठवा. त्याच्यासमोर किती पोरं उभी राहिली, किती गुणांनी हरली, एखाद्याने त्याचा पट काढला का, हे छापा. हरलेल्यांची नावंही छापा. मी तिथे असणारच आहे, वार्ताहराचा चहा-भजी माझ्याकडे.

आपला,
एक निवृत्त जिमखाना सर
कराड, जि. सातारा