ऑपरेशनआधीच वेदनेची नोंद व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑपरेशनपूर्वी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी सगळे तपासले जाते. रुग्णाला दुखणे किती जाणवते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. ऑपरेशन एकच, छेद तेवढाच, औषधेही तीच. तरी एक जण संध्याकाळी उठून बसतो आणि शेजारच्या खाटेवरचा रात्रभर तळमळतो. त्याला ‘जरा सहन करायला शिका’ असे सुनावले जाते, तेव्हा परिचारिका म्हणून मला फार वाईट वाटते. तो नाटक करत नसतो.

हा फरक काही अंशी आधी ओळखता येतो. त्वचेला उष्णता किंवा दाब देऊन वेदना मोजायची आणि त्यावरून ऑपरेशननंतरचा अंदाज बांधायचा, असे प्रयोग बरीच वर्षे चालू आहेत. सिझेरियनच्या रुग्णांवरचा असा अभ्यास २००३ मध्येच प्रसिद्ध झाला. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्वीडनमधला अभ्यास, कारण त्याला कुठलेही यंत्र लागत नाही. सलाईनची सुई टोचताना झालेल्या वेदनेला दहापैकी दोनपेक्षा जास्त गुण देणाऱ्यांना, पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर मध्यम ते तीव्र वेदना होण्याची शक्यता तिपटीहून अधिक दिसली. सुई तर प्रत्येकालाच टोचली जाते! त्याच वेळी ‘किती दुखले?’ एवढे विचारून आकडा केसपेपरवर लिहायचा आहे.

अर्थात हा आकडा म्हणजे भविष्यवाणी नव्हे. ऑपरेशनचा प्रकार, मनातली धास्ती, आधीपासूनचे दुखणे, वय यांचाही परिणाम होतो. म्हणून माझा एक आग्रह आहे: आकडा कमी आला म्हणून कुणाचे वेदनाशामक औषध कमी करू नये. गप्प राहणाऱ्या रुग्णांची आबाळ आधीच होते. आकडा जास्त असेल, तर भूलतज्ज्ञांनी नस बधिर करण्याचा विचार आधीच करावा आणि औषधे मागेपर्यंत न थांबता घड्याळाप्रमाणे द्यावीत. हर्निया, स्तन किंवा छातीच्या ऑपरेशननंतर कित्येकांची वेदना महिनोन्‌महिने टिकते आणि सुरुवातीच्या तीव्र वेदनेशी तिचा संबंध आढळतो. ही काळजी काही चोचल्यांसाठी नाही.

तोपर्यंत रुग्णांनीच भूलतज्ज्ञांना आपणहून सांगावे: मागच्या ऑपरेशननंतर किती दुखले होते, दुखण्याच्या गोळ्या रोज चालू आहेत का, आणि भीती कशाची वाटते.

आपली,
शस्त्रक्रिया विभागातील एक परिचारिका