फोटोतला तो माणूस बिली मेरेडिथ आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटबॉलपटूंच्या आजच्या कमाईवर रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. पूर्वीचे खेळाडू निव्वळ खेळाच्या प्रेमापोटी खेळत, पैशाचा विचार त्यांच्या मनाला शिवतही नसे, असा लेखकाचा सूर आहे. सोबत एक जुना फोटो छापलाय. झुबकेदार मिशा, काटकुळा बांधा, जरा फेंगडे पाय आणि दातांत धरलेली काडी. खाली नाव नाही, नुसतं ‘जुन्या काळातील एक खेळाडू’. मी त्याला त्या काडीवरून ओळखलं. हा वेल्सचा बिली मेरेडिथ. खेळाडूला मजुरी किती मिळावी यावरून अर्धं आयुष्य ज्यानं भांडण्यात घालवलं, नेमका तोच माणूस तुम्हाला निर्लोभीपणाचा नमुना म्हणून सापडावा, याचं मला आधी हसू आलं. मग राहवेना, म्हणून हे पत्र.

मी काही फुटबॉलचा अभ्यासक नाही. लेकीकडे मँचेस्टरला गेलो असताना तिथल्या फुटबॉल संग्रहालयात या गड्याशी पहिली भेट झाली. मीही तरुणपणी आमच्या कारखान्याच्या संघात राइट आऊट, म्हणजे उजव्या कडेचा आघाडीवीर, म्हणून खेळायचो आणि हाही राइट आऊट, म्हणून पाय जरा जास्त वेळ थबकला. परत आल्यावर मिळेल ते वाचत गेलो.

मेरेडिथचा जन्म १८७४ चा, वेल्समधल्या चर्कजवळच्या ब्लॅक पार्क या कोळसा खाणीच्या वस्तीतला. बाराव्या वर्षी तो खाणीत उतरला. १८९४ मध्ये मँचेस्टर सिटी या क्लबनं बोलावलं, तेव्हा आईला हे खेळाचं खूळ मुळीच मान्य नव्हतं. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने आठवडाभर खाणीत काम, शनिवारी रेल्वेनं जाऊन सामना आणि पुन्हा खाण, असाच क्रम होता. खाणकामगार तंबाखू चघळत, तशी तोही चघळायचा. पण थुंकीचे डाग पडलेले शर्ट धुवायला धोबिणी तयार होईनात, म्हणून त्यानं काडी धरली म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण पुढं ती काडी तोंडात ठेवूनच तो टचलाइनच्या कडेकडेनं पळायचा आणि बॅकला (बचावपटूला) चकवून गोलसमोर असा काही क्रॉस टाकायचा की पुढच्यानं नुसता पाय लावावा. १९०४ चा एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा चषक, सिटीनं बोल्टनला १-० हरवून जिंकला. कर्णधार मेरेडिथ आणि गोलही त्याचाच.

आता पैशाचं. १९०१ पासून इंग्लंडमध्ये नियम होता, खेळाडूला आठवड्याला चार पौंडांच्या वर द्यायचे नाहीत. मैदानावर हजारो माणसं तिकीट काढून येवोत, खेळाडूचे चार पौंड ते चारच. शिवाय करार संपला तरी क्लबनं सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. आमच्याकडच्या जुन्या गिरणी कामगारांना मी हे सांगितलं, तर एकजण म्हणाला, “म्हणजे वेठबिगारच की!” क्लब अर्थातच टेबलाखालून जादा पैसे देत आणि सगळे मूग गिळून बसत.

मेरेडिथ धुतल्या तांदळासारखा होता, असं मी म्हणणार नाही. १९०५ मध्ये अॅस्टन व्हिलाचा कर्णधार अॅलेक लीक याला सामना मुद्दाम हरण्यासाठी दहा पौंड देऊ केल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि त्याला पुढच्या हंगामाला मुकावं लागलं. आधी त्यानं कानांवर हात ठेवले. मग क्लबनं बंदीच्या काळात पैसे द्यायचं नाकारलं, उलट तो पैसे मागतोय अशी तक्रार फुटबॉल असोसिएशनकडे केली, तेव्हा त्यानं सगळंच चव्हाट्यावर आणलं. लाच मॅनेजरच्या सांगण्यावरून देऊ केली होती, आणि चार पौंडांची मर्यादा सिटीत कुणीच पाळत नव्हतं. चौकशी झाली. मॅनेजर टॉम मेलीचं पद गेलं, सतरा खेळाडूंवर १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी आली, दंड वेगळाच. मेरेडिथ आणि आणखी तिघांना गावातल्याच मँचेस्टर युनायटेडनं उचललं. युनायटेडनं १९०८ आणि १९११ मध्ये लीग जिंकली, १९०९ मध्ये कप. त्या कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल सँडी टर्नबुलचा, तोही सिटीतून आलेल्या चौघांपैकीच.

पण मला सांगायचंय ते वेगळं. १९०७ च्या एप्रिलमध्ये युनायटेडचा टॉमी ब्लॅकस्टॉक राखीव संघाच्या सामन्यात चेंडू डोक्यानं मारल्यावर कोसळला आणि गेला. घरच्यांच्या हाती भरपाई म्हणून काही पडलं नाही. हे वाचताना माझा हात गुडघ्यावर गेला. कंपनीच्याच स्पर्धेत माझा गुडघा गेला होता. छातीवरल्या कंपनीच्या नावासकट मला मैदानाबाहेर उचलून नेलं आणि महिनाअखेरीस पाकीट उघडलं तर अकरा दिवस बिनपगारी. साहेब म्हणाले, खेळायला तुला कुणी सांगितलं होतं?

ब्लॅकस्टॉक गेला त्याच वर्षी, १९०७ च्या २ डिसेंबरला मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची युनियन उभी राहिली, आणि त्या सभेचा अध्यक्ष मेरेडिथ होता. १९०९ मध्ये फुटबॉल असोसिएशननं फर्मान काढलं, युनियन सोडा नाहीतर खेळणं बंद. बहुतेक ठिकाणी माणसं गळाली. युनायटेडच्या मुलांनी ऐकलं नाही. कर्णधार चार्ली रॉबर्ट्ससह त्यांनी सरावाच्या ठिकाणी ‘आउटकास्ट्स एफसी’ अशी पाटी समोर ठेवून फोटो काढून घेतला. वाळीत टाकलेल्यांचा संघ! हंगामाच्या तोंडावर तडजोड झाली, युनियनला मान्यता मिळाली. त्या बदल्यात इतर कामगार संघटनांशी नातं तोडावं लागलं आणि पगाराची मर्यादा काही हटली नाही. ती हटायला १९६१ उजाडलं. हा लढा मेरेडिथनं जिंकला असं म्हणता येत नाही, आणि मला तर तो त्यामुळेच जवळचा वाटतो.

खेळायचा मात्र थांबला नाही. वेल्ससाठी ४८ सामने. शेवटचा १९२० चा, लंडनच्या हायबरी मैदानावर इंग्लंडला २-१ हरवलं तेव्हाचा, वय पंचेचाळीस. १९२४ मध्ये पुन्हा सिटीकडून कपचा उपांत्य सामना खेळला तेव्हा पन्नाशीला चार महिने कमी होते. संघात त्याचा जावईही होता. न्यूकॅसलनं २-० हरवलं, ते सोडा.

एप्रिल १९५८ मध्ये तो गेला. युनायटेडचा संघ ज्यात सापडला त्या म्युनिकच्या विमान अपघाताला जेमतेम अडीच महिने झाले होते, साऱ्या मँचेस्टरचं लक्ष तिकडं. सदर्न सिमेट्रीत पुरलं, पण थडग्यावर नाव नव्हतं. दगड बसला २००१ मध्ये, खेळाडूंची संघटना, वेल्सची फुटबॉल संघटना आणि दोन्ही क्लब यांनी मिळून बसवला.

तेव्हा पुढच्या रविवारी जागा असेल तर तोच फोटो पुन्हा छापावा आणि खाली एवढंच लिहावं: विल्यम हेन्री मेरेडिथ, राइट आऊट.

आपला,
एक निवृत्त फिटर, लालबाग