झाकण उघडलं आणि बास्केट फिरत होती

गड्या,

फार दिवस पत्र नाही, रागावला असशील तर आधी दोन शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळणार नाही. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

माल फिरवून गाळणाऱ्या आपल्या त्या सेंट्रीफ्यूजचं झाकण बास्केट फिरत असतानाच उघडलं. हिरवा दिवा लागला, लॉक सुटलं, नव्या पोराने झाकण वर केलं आणि तो आत हात घालणारच होता, तेवढ्यात फिल्टर क्लॉथचं सुटलेलं एक टोक गरागरा जाताना दिसलं म्हणून थांबला. क्लॉथ नीट बसलेला असता तर? आतली भिंत इतकी एकसारखी की नुसतं बघून फिरतेय का उभी आहे काही कळत नाही. तुला तो लेथ आठवत असेल, ट्यूबलाइटखाली चार जॉचा चक 1500 आरपीएमला चक्क उभा दिसायचा. सेकंदाला 25 फेरे गुणिले चार जॉ, आणि 50 हर्ट्झवर ट्यूब मिचमिचते तीही सेकंदाला 100 वेळा. तू हे गणित खडूने मशीनवरच लिहून ठेवलं होतंस आणि फोरमन तुझ्यावर ओरडला होता, पण खडू त्याने पुसू दिला नाही!

तर झालं काय, प्रॉक्सीची वायर तुटली, म्हणजे बास्केटच्या स्पिंडलवरचा बोल्ट समोरून गेला की पल्स देणारा तो सेन्सर. आणि तुटली कधी, तर मोटर बंद झाल्यावर, बास्केट उतरता उतरता क्रिटिकल स्पीडमधून जाताना जी थरथर होते ना, नेमकी तेव्हा. मोटर चालू असताना पल्स गेले तर पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, ट्रिप देतो, ते तूच टाकलं होतंस. पण मोटर बंद असताना पल्स नाही म्हणजे शाफ्ट थांबला, असंच त्याला शिकवलंय. तीन सेकंद पल्स नाही, उघड झाकण. तुटलेली वायर आणि थांबलेला शाफ्ट त्याला एकच दिसतात रे, हेच माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आता साहेब म्हणतात सरळ टायमर लावा, मोटर बंद झाल्यावर अमुक मिनिटं लॉक सोडायचंच नाही. मी म्हटलं टायमर जोडीला ठेवा, हरकत नाही, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर कोणाचा हात आत जाऊ देणार नाही. भरलेली बास्केट वेगळी उतरते, रिकामी वेगळी, ब्रेकचं लायनर झिजलं की आणखी वेगळी. आणि बेल्ट तुटला तर? ब्रेक मोटरच्या बाजूला, मोटर बिचारी लगेच उभी, बास्केट आपली फिरतेच आहे. सेन्सर मोटरवर लावायचा का स्पिंडलवर यावरून आपण याच बेल्टपायी भांडलो होतो आणि नंतर कित्येक दिवस तू माझ्याशी फक्त पान्यांच्या नंबरात बोलत होतास, आठवतंय? चौदा दे, सतरा घे. बाकी शब्द नाही.

स्पिंडलवर लावला ते चांगलंच झालं, पण एक बोल्ट आणि एक प्रॉक्सी पुरत नाही. एका बोल्टवर तीन सेकंदांचा हिशोब म्हणजे 20 आरपीएमच्या खाली सगळं थांबलेलंच. बास्केट 1.2 मीटरची, 20 आरपीएमला तिचा काठ सेकंदाला सव्वा मीटर जातो आणि मागे एवढं वजन, हात सोडेल का ती? आठ दात असले तर त्याच तीन सेकंदांत अडीच आरपीएमपर्यंत पकडता येतं.

माझ्या मनात असं आहे: दातेरी चाक, दोन प्रॉक्सी, आणि त्या अशा बसवायच्या की चाक कुठेही थांबो, एकीच्या तरी समोर धातू असलाच पाहिजे. दोघी गप्प म्हणजे वायर गेली, लॉक सोडायचं नाही. शिवाय शेजारच्या पंपाच्या कंपनाने दाताच्या कडेवर एक प्रॉक्सी उगाच लुकलुकते, शाफ्ट उभा आणि पल्स चालूच, मग झाकण उघडत नाही म्हणून पोरं वैतागून इंटरलॉकच बायपास करतात. दोन असल्या की पहिली-दुसरी असा क्रम बघता येतो, नुसतं कंपन असेल तर एकच लुकलुकणार. सेन्सर नामूर जातीचे घ्यायचे, त्यात वायर तुटली की करंट जवळपास शून्य आणि शॉर्ट झाली की 6 मिलिअँपच्या वर, दोन्ही वेगळं कळतं. आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ माझी: 700 आरपीएमवरून एका क्षणात शून्य असं कुठलीच बास्केट करत नाही, तसं दिसलं तर फॉल्ट समज आणि लॉक धरून ठेव.

तो पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर आला, काही बोलला नाही. मला मात्र त्याच्याकडे बघवत नव्हतं रे. मशीन मी बंद ठेवलंय, साहेब रोज विचारतात कधी चालू होणार.

तुझं नव्या नोकरीत कसं चाललंय, वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना, मुलीचा निकाल लागला असेल तर कळव.

आणि हे लगेच कर: स्पिंडलचं जुनं ड्रॉइंग तुझ्याकडे आहे, त्यावरून आठ दातांचं चाक बसतंय का बघ आणि दाताची रुंदी, खाच, दोन सेन्सरमधला कोन काढून पाठव. हे असं भूमितीचं काम तुझ्यासारखं इथे कोणाला जमत नाही. खाच रुंद ठेवू नकोस, दोन्ही सेन्सर एकदम खाचेसमोर आले तर सगळंच मुसळ केरात.

तुझा,
बंड्या