मंत्रिमहोदय, माझ्या वडिलांची पेटी चिखलात टेकली

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या नाताळात आपण आमच्या चर्चमध्ये आला होतात. केक कापलात, शब्बाथशाळेच्या मुलांसोबत फोटो काढलेत आणि वेदीजवळ उभे राहून म्हणालात, "पावसाळ्याच्या आत तुमच्या दफनभूमीचा रस्ता करून देतो." सगळ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या. पहिल्या बाकावर बसलेल्या माझ्या वडिलांनीही.

जुलैमध्ये त्याच वाटेने आम्ही त्यांना नेले. शववाहिका फाट्यावरच थांबली, पुढे गुडघाभर पाणी. सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली. एकाचा पाय घसरला आणि पेटी चिखलात टेकली. आईने ते पाहिले. कबरीत झरा लागल्यासारखे पाणी भरत होते. पाळकसाहेब 'मातीस माती' म्हणत होते आणि आम्ही बादल्यांनी पाणी उपसत होतो. शेवटी वडिलांना पाण्यातच ठेवले. त्या रात्रीपासून आई धड झोपलेली नाही.

वडील ४० वर्षे उपदेशक होते. सायकलवरून नऊ खेड्यांत जायचे. आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, दारुड्याच्या घरात भांडण मिटवायचे. लोकांना वाटते, चर्च म्हणजे परदेशी पैसा. साहेब, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. तेव्हापासून आमचे घर आम्हीच चालवतो. कापणीच्या सणाला कुणी बाजरीचे पोते आणतो, कुणी कोंबडी. त्याचा लिलाव होतो आणि त्यातून पाळकांचा पगार निघतो. तोही दर महिन्याला निघतोच असे नाही.

रस्ता का होत नाही, तेही ऐका. जमीन जुन्या मिशनच्या नावावर, आणि कागदावरचे विश्वस्त केव्हाच त्याच दफनभूमीत विसावलेले. नव्या विश्वस्तांची नावे लावण्याचा बदल अर्ज कायद्याने धर्मादाय कचेरीत ९० दिवसांत द्यायचा असतो. आम्ही दिला. त्याला सहा वर्षे झाली. मुदत फक्त आम्हाला, कचेरीला नाही. एका टेबलावर म्हणतात आधी सातबारा दुरुस्त करा, दुसऱ्यावर म्हणतात आधी विश्वस्त मंजूर करून आणा. या दोन टेबलांमध्ये माझ्या दोन चपला झिजल्या.

मोठाली भाषणे मात्र आमच्याच नावाने होतात. सावित्रीबाईंनी नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, मिरजेला मिशनने दवाखाना उभारला, हे तुम्ही त्या दिवशीही सांगितलेत. उपकाराची फेड नको. जिवंतपणी काय दिलेत, एवढेच विचारतो. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने त्यांना आपल्या विहिरीवर चढू दिले नव्हते. त्यांची जात गेली ती फक्त सरकारी कागदावरून. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, आणि ते यायलाच हवे होते. आम्ही दलित ख्रिस्ती अजून दारात. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढा म्हणून सांगितले. मग २०२२ मध्ये पुन्हा नवा आयोग. आमच्या किती पिढ्यांनी आयोगांची वाट पाहायची? २०११ च्या जनगणनेत राज्यात आम्ही सगळे ख्रिस्ती मिळून १०,८०,०७३, म्हणजे शंभरात एकही नाही. शंभरात एक नसलेल्या माणसाचे मढे चिखलातून गेले तर चालते, असे कुठे लिहिले आहे?

मला निधीची घोषणा नको. फाट्यापासून फाटकापर्यंत जेमतेम तीनशे पावले आहेत. तेवढ्यावर मुरूम टाका, कडेला एक चर खणून द्या आणि तो बदल अर्ज निकाली काढायला लावा.

आई ७८ वर्षांची आहे. वडिलांच्या शेजारची जागा स्वतःसाठी राखायला तिने मला सांगून ठेवले आहे. "पाऊस नसताना ने रे," असेही म्हणाली. येत्या नाताळला आलात तर आधी तिला भेटा, आणि मग फाट्यापासून माझ्याबरोबर चालत या.

आपला,
मंडळीतील एक सभासद