माझी ब्रँच वाचवणाऱ्या ताईंना

ताई,

त्या संध्याकाळी मी नुसतं 'थँक्यू' म्हणालो आणि तुम्ही कॅब पकडायला धावलात. तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल सांभाळणाऱ्या प्रणालीत, माझी ब्रँच (माझ्या कामाची वेगळी शाखा) मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कोडवर, रिबेस करायला घेतली; म्हणजे माझे बदल ताज्या मेनवर एकेक करून पुन्हा चढवायला. आणि कमिटागणिक, म्हणजे माझ्या प्रत्येक नोंदवलेल्या बदलागणिक, कॉन्फ्लिक्ट यायला लागले: तोच कोड दोन्हीकडे वेगवेगळा बदललेला, कुठला ठेवायचा ते आपण ठरवायचं. आमच्याच टीममधले एक सीनियर मान वर न करता म्हणाले, "अ‍ॅक्सेप्ट इनकमिंग दाब नि मोकळा हो." म्हणजे कॉन्फ्लिक्टमधली 'येणारी' बाजू डोळे झाकून ठेवायची. दुसऱ्यांनी फोल्डर उडवून नवा क्लोन, म्हणजे कोडची नवी प्रत, घ्यायला सांगितलं. रिबेसमध्ये बाजू उलटतात, 'इनकमिंग' म्हणजे आपलाच कोड असतो, एवढं सांगायला किती वेळ लागतो? मी तसं दाबलं असतं तर मेनवर आलेली जीएसटीच्या राउंडिंगची दुरुस्ती गुपचूप पुसली गेली असती. बिलं चुकल्यावर बोट मात्र माझ्याकडे!

तुम्ही आमच्या टीमच्याही नाही. तरी खुर्ची ओढून बसलात. आधी रिबेस अबॉर्ट करायला लावलंत, माझ्या कमिट्स जशाच्या तशा ठेवून एक वेगळी ब्रँच काढलीत आणि तिचं नाव दिलंत 'सुखरूप'. "आता काय मोडायचं ते मोडू दे, हे इथं आहे. हेही गेलं तरी रिफ्लॉग आहे, गिटची जुन्या कमिट्सची नोंदवही. घाबरू नकोस." ताई, कॉन्फ्लिक्टच्या ओळी मी विसरलो, पण स्क्रीनवर उमटणारं ते नाव डोळ्यांपुढून जात नाही. रिबेस येणारी माणसं ऑफिसात पुष्कळ आहेत. समोरच्याचे हात कापतायत हे बघून आधी त्याची भीती घालवणाऱ्या तुम्ही एकट्याच भेटलात.

मग डिफ-थ्री चालू केलंत आणि दोन बाजूंच्या मधोमध मूळ कोडही दिसू लागला. मी फंक्शनचं नाव बदललं होतं, दुसऱ्याने त्यातलंच राउंडिंग सुधारलं होतं. दोन्ही ठेवायचं होतं, हे दिसतच होतं. तरी तुम्ही त्या मुलाला फोन लावून विचारलंत, "ही ओळ कशासाठी घातलीस रे?" माणूस समोर नसताना त्याच्या कामाची इतकी कदर करणारे किती असतात!

रिव्ह्यू पास झाला, मीटिंगमध्ये शाबासकी मला मिळाली. तुमचं नाव तिथे निघालं नाही. इथेही घेत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण ज्यांनी त्या दिवशी मान वर केली नाही, त्यांनी हे जरूर वाचावं.

मनापासून आभार, ताई.

आपला,
बिलिंग टीममधला एक डेव्हलपर