गोळ्यांची पिशवी माझ्याकडे आहे

प्रिय आई-बाबा,

आई, खणातली पिशवी शोधू नकोस, मी घेऊन आले आहे. न विचारता नेली याचं वाईट वाटतंय, पण विचारलं असतं तर तू दिली नसतीस. 11 डब्या निघाल्या गं. आणि तळाशी मेथोट्रेक्सेटची, म्हणजे तुझ्या संधिवाताच्या गोळीची पट्टी, एकही गोळी न फोडलेली.

त्या गोळीची तुला भीती बसली आहे, कळतं मला. मळमळ, तोंड येणं, सगळं मी पाहिलंय. पण त्यासाठीच फॉलिक ॲसिड दिलं होतं आणि नेमकं तेच तू ‘साधं व्हिटॅमिन’ म्हणून सोडलंस!

डॉक्टरांपुढे सगळ्या डब्या मांडल्या. ते रागावले नाहीत. फिश ऑइल चालू ठेवायचंय. त्यातल्या ओमेगा-3 ने दुखणं आणि सकाळचं आखडणं थोडं उतरू शकतं, पण दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. सांध्यांची झीज मात्र त्याने थांबत नाही, आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवातात झिजलेलं भरून येत नाही. म्हणून मेथोट्रेक्सेट हवीच. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी हाडांसाठी राहू दे.

बिनलेबलची पावडर बंद. अशा पावडरींत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून चार दिवसांत बरं वाटतं. ती थांबवल्यावर गळून गेल्यासारखं वाटलं, चक्कर आली, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, अंगावर काढायचं नाही. बाबा, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल तुम्हीही गुडघ्यासाठी घेत होतात ना? रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर त्या नकोत.

शाळेत जाताना तू माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायचीस की भुवया ताणल्या जायच्या. परवा गाऊनचं एक बटण लावता येईना तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. मला दिसू नये म्हणून. ते पाहिलं आणि ठरवलं.

मेथोट्रेक्सेट फक्त रविवारी. रोज अजिबात नाही, ते जिवावर बेतू शकतं. फॉलिक ॲसिड बुधवारी. बाबा, कॅलेंडरवर खूण करा. सोमवारी रक्त तपासायला माणूस घरीच येईल, आईला जिना उतरावा लागणार नाही. वारांचे कप्पे असलेली डबी पाठवली आहे, झाकणं बोटाच्या एका धक्क्याने उघडतात.

बाबा, हे तिला वाचून दाखवा. चिडली असेल तर उद्या वाचा.

तुमची,
छोटी

शनिवारी रात्री येते. रविवारची पहिली गोळी घेताना मी शेजारी बसेन, आई.